शुभदाताईंकडची माणसं

शुभदाताई कुणाचं अभिनंदन करत नाहीत. त्या हेवा करतात आणि तो तोंडावर सांगतात.

चार वर्षांपूर्वी मी अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या बँका-कचेऱ्यांच्या भागातली नोकरी सोडून नेदरलँड्समधल्याच नायमेखन शहरातल्या एका चिप कंपनीत आलो आणि आम्ही इथे घर घेतलं. सामानाची खोकी अजून उघडायची होती, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात साठीकडे झुकलेल्या, बॉबकट केलेल्या, पिवळं रेनकोटवजा जाकीट घातलेल्या एक बाई उभ्या होत्या. हातात झाकलेलं पातेलं.

"मी शुभदा केतकर. पलीकडचं घर माझं," त्या म्हणाल्या. "तुमच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं. माझ्या येत नाही. इतकी वर्षं मला या घराचा हेवा वाटायचा, आता तुमचा वाटेल. हा घ्या मसालेभात."

दुसऱ्या दिवशी पातेलं परत द्यायला गेलो तेव्हा मी सभ्यपणे म्हणालो, "भात फार छान झाला होता हं."

"नुसता छान? हेवा नाही वाटला?"

"म्हणजे... वाटला."

"मग तसं सांगावं माणसाने. छान काय, पोस्टमनही म्हणतो."

पुढे मला बढती मिळाली. ऑफिसातल्या यच्चयावत लोकांनी अंगठ्याची चित्रं पाठवली. शुभदाताई मात्र कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "निखिल, तुझ्या बढतीचं कळल्यापासून माझ्या आमटीची चव गेली आहे." खरं सांगतो, बढती मिळाल्यासारखं मला त्या क्षणी वाटलं.

त्यांच्या हेव्याला मापं आहेत आणि ती स्वयंपाकघरातली आहेत. चिमूटभर, वाटीभर, पातेलंभर. समोरच्या हेंकच्या बागेतली निळी फुलं वाटीभर. माझ्या बायकोचे, अश्विनीचे, केस पातेलंभर. हेंकला त्यांनी हे डचमधून तोंडावर सांगितलेलं आहे. फुलांसमोर उभं राहून, कमरेवर हात ठेवून, "इक बेन झालूर्स, हेंक!" म्हणजे मला तुझा हेवा वाटतो. डच माणसाला स्पष्टवक्तेपणाचं फार कौतुक. हेंकने त्या दिवसापासून त्यांच्या घरासमोरचा बर्फ काढायला सुरुवात केली. मी त्याच्या फुलांची दोन वर्षं मनापासून स्तुती करतोय, माझ्या दारातला बर्फ मीच काढतो.

यामागे त्यांचं तत्त्वज्ञान आहे. "मत्सर वाईट. मत्सर म्हणजे दुसऱ्याचं जावं. हेवा म्हणजे आपल्यालाही मिळावं. आणि हेवा पोटात ठेवला की त्याचा मत्सर होतो, दही आंबतं तसा. म्हणून तो ताजा असतानाच वाढून टाकायचा."

त्या मूळच्या सांगलीच्या. यजमान संशोधक, त्यांच्यामागून इथे आल्या. यजमान लवकर गेले, पण त्या राहिल्या, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप सांभाळत. एक मुलगा आहे, कौस्तुभ, एवढं आम्हाला माहीत होतं. तो कुठे असतो विचारलं, की त्या पश्चिमेच्या खिडकीकडे हात करून "तिकडे" म्हणायच्या आणि लगेच आमच्या नव्या सोफ्याचा हेवा करायला लागायच्या. खिडकीतून हेंकची लाकडी शेड दिसायची. आम्ही आणखी विचारलं नाही.

आता माझ्याबद्दल. मला शुभदाताईंचा हेवा वाटायचा. पातेलंभर. कारण आमची मीरा.

मीरा नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं. मी मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते. मी रागावलो की इंग्रजीत देते, मी कुणी परका असल्यासारखी. गोष्टींची पुस्तकं झाली, आजी-आजोबांचे व्हिडिओ कॉल झाले, आइस्क्रीमचं आमिष झालं. बाईसाहेब ढिम्म. पण शुभदाताईंच्या घरी गेली, की भिंतीपलीकडून मला तिचं खणखणीत मराठी ऐकू यायचं. भिंत पातळ आहे. एकदा तर चक्क "अय्या, हे काय भलतंच!" असं ऐकलं मी. मी भांडी घासत होतो. हातातला पेला तसाच धरून उभा राहिलो.

"तुम्ही काय करता हो तिला?" मी एकदा विचारलं.

"काही नाही. मी तिला म्हणते, तुला डच किती छान येतं, मला हेवा वाटतो. मग ती म्हणते, मला मराठीपण येतं. मी म्हणते, छे, शक्यच नाही."

मी हा प्रयोग घरी करून बघितला. मीरा डचमध्ये म्हणाली, "बाबा, तू शुभदाताईची नक्कल करतोयस."

तर, मे महिन्याच्या सुट्टीत तीन दिवस कुठेतरी जायचं ठरत होतं. माझं मन प्रागकडे होतं. मीराने आयर्लंड धरलं. तिला हरणं बघायची होती, वायकिंग बघायचे होते, आणि पबमध्ये बसून व्हायोलिन ऐकायचं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला पब! पण तिकडे रविवारी दुपारी घरंच्या घरं पबमध्ये जेवायला जातात, हे तीच मला सांगत होती. अश्विनी तिच्या बाजूने गेली. आमचे पासपोर्ट नुकतेच डच झाले होते, त्यामुळे आयर्लंडच्या वेगळ्या व्हिसाची सबबही उरली नव्हती. मी डब्लिनची तिकिटं काढली आणि संध्याकाळी कुंपणापाशी शुभदाताईंना सांगितलं.

"हेवा वाटला," त्या ताबडतोब म्हणाल्या.

"किती? वाटी की पातेलं?"

"इतका की मी पण येते."

आणि आल्या. आइंडहोवनच्या विमानतळावर आमच्या आधी हजर. पिवळं जाकीट आणि चाकांची एक बॅग.

डब्लिनला त्यांच्या हेव्याला नुसता ऊत आला. तिथे बसमधून उतरताना प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. शाळकरी पोरंसुद्धा. शुभदाताई आमचा स्टॉप येईपर्यंत हे बघत राहिल्या. "दिवसभरात किती वेळा रे! आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला म्हणतात, मला नाही. पातेलंभर!" पबच्या खिडकीत ठरलेल्या स्टुलावर बसणाऱ्या म्हाताऱ्याचा हेवा. पावसात छत्री न उघडता गप्पा मारत उभ्या असलेल्या दोन बायकांचा हेवा. मी पहिल्यांदाच तिथली काळी बिअर मागवली. बारमन तो ग्लास पाऊण भरून बाजूला ठेवतो आणि बिअर निवळेपर्यंत कुणी घाई करत नाही, तर त्या ग्लासाचाही हेवा. "बघ ना, नुसतं बसून राहिल्याबद्दल लोक त्याच्याकडे किती प्रेमाने बघतायत."

मग ती वायकिंगांची सहल. एक जुनी लष्करी धाटणीची गाडी, उघड्या खिडक्यांची. प्रत्येकाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची शिंगं. गाइड खूण करेल तेव्हा सगळ्यांनी मिळून रस्त्यावरच्या लोकांवर डरकाळी फोडायची. मी मोजूनमापून ओरडलो. शुभदाताईंनी मात्र फुटपाथवर कॉफी पिणाऱ्या एका सुटाबुटातल्या माणसावर अशी डरकाळी फोडली, की त्याची कॉफी बशीत सांडली आणि त्याने उठून त्यांना मुजरा केला. मीरा हसून हसून लाल झाली होती. "ताई, ताई, आता त्या टकल्यावर ओरडा ना!" ती किंचाळली.

पूर्ण वाक्य. संबोधन, क्रियापद, विनवणीचा 'ना' सुद्धा. मी डोक्यावरची शिंगं सावरत दुसरीकडे बघत बसलो.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. सहलीचा आराखडा मी केला होता. मोबाइलवर नकाशा माझ्या हातात होता. पण नकाशा फिरून सरळ होण्याआधी शुभदाताई म्हणायच्या, "पुढच्या चौकात डावीकडे." हरणांच्या बागेला कुठली बस जाते, हरणं कुठल्या झाडांखाली बसतात, कुठल्या दुकानातलं सूप भाज्यांचं असूनही त्यात कोंबडीचं पाणी असतं, सगळं त्यांना ठाऊक.

"तुम्हाला कसं माहीत?"

"अंदाजाने," त्या म्हणाल्या आणि हरणांच्या पापण्यांचा हेवा करायला लागल्या.

शनिवारी दुपारी आम्ही नदीकाठच्या एका संग्रहालयात गेलो. आयर्लंड सोडून जगभर गेलेल्या लोकांचं संग्रहालय. मुलांसाठी बटणं, पडदे, शिक्के मारायचे कागद. मीरा आणि अश्विनी पुढे पळाल्या. एका दालनात अंधुक उजेड होता आणि पूर्वीच्या एका प्रथेबद्दल सांगितलं होतं. घरातला मुलगा अमेरिकेला निघाला, की आदल्या संध्याकाळी सगळं गाव त्याच्या घरी जमायचं. गाणं, नाच, खाणं. मयताच्या घरी जमतात तसं, कारण तो परत दिसणार नाही हे सगळ्यांना माहीत असायचं.

शुभदाताई तिथल्या बाकावर बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. मी म्हणालो, "इथे कुणाचा हेवा?"

"त्या आईचा," त्या म्हणाल्या. "निदान सगळं गाव तिच्या घरी आलं होतं."

मग एकदम सूर बदलून, "निखिल, उद्या दुपारी आपल्याला जेवायला बोलावलंय. तुम्हा तिघांनाही."

"कुणी?"

"माझ्या विहीणबाईंनी."

"तुमच्या विहीणबाई? डब्लिनला?"

"मग 'तिकडे' म्हणजे तुला काय वाटलं, हेंकची शेड?"

कौस्तुभ डब्लिनला राहत होता. शिकायला आला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, आता त्याला तीन वर्षांची मुलगी आहे, ईफा. "नाव इंग्रजीत लिहायला पाच अक्षरं," शुभदाताई म्हणाल्या, "उच्चाराशी निम्म्यांचा संबंध नाही. मला वर्ष लागलं."

"मग इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, कधी येणार मुलगा? नात कधी येणार? प्रेमानेच विचारलं असतंत. पण मला दरवेळी उत्तर द्यावं लागलं असतं."

"काही भांडण आहे का, ताई?"

"भांडण असतं तर बरं होतं रे, मिटवता तरी आलं असतं. सगळे चांगले आहेत. फारच चांगले आहेत. सुनेच्या घरची माणसं एवढी आहेत, की जेवायला बसली की टेबल पुरत नाही. भाऊ, बहिणी, काका, त्यांची मुलं. तो त्यांच्यात विरघळून गेला. मी येते, दोन दिवस राहते, टेबलाच्या एका बाजूला बसते. ते सगळे तिकडे आणि मी एकटी इकडे."

त्यांनी जाकिटाची चेन खाली-वर केली.

"लग्नात नवऱ्या मुलाकडच्या माणसांसाठी अख्खी ओळ राखून ठेवली होती. त्या ओळीत मी. माझ्या बहिणींना व्हिसा मिळाला नव्हता. मग मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली, तिच्या शेजारी कोट, त्याच्या शेजारी छत्री. ओळ जरा भरल्यासारखी दिसावी म्हणून. नोरीन, म्हणजे माझी विहीण, येऊन म्हणाली, अजून कुणी यायचंय का तुमच्याकडचं? माझ्या तोंडून निघून गेलं, भाऊ येणार होता, पण त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

"भाऊ? तुम्ही तर तिघी बहिणीच ना?"

"हो. तेव्हा तो नुसताच भाऊ होता. मग तुम्ही शेजारी राहायला आलात आणि त्याला चेहरा मिळाला, तुझा."

मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. "ताई, मीराच्या डोक्यात आयर्लंड तुम्ही घातलंत?"

"मी फक्त हरणांचं बोलले. तिकिटं तू काढलीस."

रविवारी सकाळी आमच्या गेस्ट हाउसमध्ये नाश्त्याच्या टेबलावर शिकवणी झाली. मी धाकटा भाऊ. गुडघा डावा. अश्विनी भावजय. मीरा भाची, तिने शुभदाताईंना आत्या म्हणायचं. मीराचे डोळे चमकले. "म्हणजे मी खोटं बोलायचं?" तिने डचमध्ये विचारलं. अश्विनीने माझ्याकडे असं पाहिलं, की यातलं मूल्यशिक्षण आता तुम्हीच समजावून सांगा. मी ऑम्लेटमध्ये लक्ष घातलं.

पब जुना, ठेंगण्या छताचा होता. मागच्या खोलीत दोन टेबलं जोडून एक लांबच लांब टेबल केलेलं. त्याच्या एका बाजूला ती माणसं बसली होती, आणि ती खरंच संपतच नव्हती. आमच्या बाजूला भिंतीलगत एक लाकडी बाक. नोरीन उठली. भरदार बाई, हातात किणकिणणाऱ्या बांगड्या. तिने आधी शुभदाताईंना मिठी मारली आणि मग माझे दोन्ही हात धरले.

"म्हणजे हाच तो भाऊ! गुडघा कसा आहे?"

मी लंगडत पुढे झालो.

"अरे, मला वाटलं डावा होता," ती म्हणाली.

"आता दोन्ही," मी म्हणालो. अश्विनीने मला बाकावर खाली ओढलं.

कौस्तुभ शेवटी आला, खांद्यावर मुलीला घेऊन. उंच, दाढीवाला, बोलणं अगदी तिथल्यासारखं हेल काढून. आईच्या गालाला गाल लावला. नोरीन ओरडली, "कौस्तुभ, तुझा मामा आलाय!" त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आपल्या आईला भाऊ नाही, हे जगात त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? शुभदाताई मीठदाणीशी खेळत होत्या. तो इंग्रजीत "वेलकम" म्हणाला, माझ्याशी हात मिळवला आणि पलीकडच्या बाजूला, बायकोशेजारी जाऊन बसला.

ईफा खाली उतरली. शुभदाताईंनी हात पसरले. मुलगी दोन पावलं आली, थबकली, आणि धावत जाऊन नोरीनच्या झग्यामागे लपली.

"नोरीन, मला तुझा हेवा वाटतो!" शुभदाताई मोठ्याने इंग्रजीत म्हणाल्या. सगळं टेबल हसलं. नोरीनही हसली. शुभदाताईही हसल्या. मी त्यांच्या शेजारी होतो, म्हणून मला टेबलाखालचे हात दिसले. ग्लासाखाली ठेवायचा पुठ्ठा त्यांनी घेतला होता आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करत होत्या.

जेवण आलं. एकाच ताटात बटाटा तीन प्रकारांनी होता, कुस्करलेला, भाजलेला आणि तळलेला. नोरीन माझ्यासमोर बसून बोलत होती आणि बोलता बोलता माझंच चरित्र मला सांगत होती. शुभदाताईंना न्यूमोनिया झाला होता तेव्हा मी म्हणे रोज सकाळी कामावर जाण्याआधी त्यांना पेज देऊन जायचो. त्यांच्या सायकलची चेन पडली की मी बर्फात गुडघे टेकून बसवायचो. म्हणून तर गुडघा गेला! दिवाळीला पहिला फराळ त्यांच्या हातचा खाल्ल्याशिवाय मी घरात दिवा लावत नाही. रविवारी सकाळी त्यांच्याकडे चहाला जातो आणि भावंडं दोन-दोन तास बोलत बसतो.

न्यूमोनिया झाला होता हे खरं. आम्ही दोनदा सूप दिलं होतं, तेही खरं. बाकीचं तो दुसराच कुणी करत होता.

मी काटा हातात धरून ऐकत होतो आणि मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला. विचित्र वाटेल, पण वाटला. काय भाऊ होता! त्याला वेळ होता. त्याला रविवारची सकाळ होती. त्याच्यासाठी कुणी पहिली करंजी बाजूला काढून ठेवत होतं. मी त्याच्या घरात राहत होतो, त्याचं नाव लावत होतो, त्याचा गुडघासुद्धा घेऊन फिरत होतो, आणि त्याच्यातलं मला काहीच मिळालं नव्हतं.

कोपऱ्यात वाजवणारे जमले होते. एक व्हायोलिन, एक बासरीसारखी पत्र्याची शिट्टी आणि डफासारखं एक वाद्य, ते लाकडी दांडीने वाजवतात. दोन-तीन झपाट्याच्या चाली झाल्या. मग नोरीनचा थोरला भाऊ उभा राहिला आणि डोळे मिटून एक लांबलचक दुःखी गाणं म्हणाला. पबमध्ये कुणी चमचासुद्धा वाजवला नाही. तिथली रीत अशी, की गाणाऱ्याने पुढचा गाणारा निवडायचा आणि निवडलेल्याने नाही म्हणायचं नाही. त्याने डोळे उघडले आणि बोट माझ्याकडे केलं.

"भाऊ गातो म्हणे छान!"

मी शुभदाताईंकडे वळलो. "हेही सांगितलंत?"

"ओघात आलं," त्या पुटपुटल्या.

मला गाता येत नाही. शाळेत मला समूहगीतातून काढून प्रकाशयोजनेवर टाकलं होतं. पण खोलीतलं प्रत्येक तोंड माझ्याकडे वळलेलं. मी लंगडत उभा राहिलो. डोक्यात एकही ओळ येईना. जन्मात एकच गोष्ट मी सुरात म्हटली होती, तीही रोज संध्याकाळी, भिंतीला टेकून. मी डोळे मिटले.

"बारा एके बारा," मी सुरू केलं. "बारा दुणे चोवीस."

अश्विनीला ठसका लागला. "बार त्रिक छत्तीस," माझ्या बाजूने एक बारीक आवाज आला. मीरा! हे तिला कधी आणि कुणी शिकवलं, ते विचारायची गरज नव्हती. "बार चोक अठ्ठेचाळीस," आम्ही दोघांनी म्हटलं. डफवाल्याने ठेका धरला. संथ, जड. त्या ठेक्यावर तो पाढा भलताच करुण वाटायला लागला. बारा पंचे साठ. बार सक बहात्तर. बार साते...

आणि मी अडकलो. मीराही. डफवाला ठेका देत राहिला.

"चौऱ्याऐंशी," पलीकडून आवाज आला.

कौस्तुभ होता. त्याची बायको त्याच्याकडे चकित होऊन बघत होती. तो ताटाकडे बघत, दाढीतल्या दाढीत म्हणत होता, "बारा आठे शहाण्णव." आता शुभदाताईही म्हणायला लागल्या, अगदी हलक्या आवाजात, मूल चुकू नये म्हणून आई बरोबरीने ओठ हलवते तसं. "बार नव्वे अठ्ठोत्तरशे." आणि शेवटचं आम्ही चौघांनी मिळून, लांबवून, "बारे दाहे वीसाशे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नोरीन डोळे पुसत होती. "किती सुंदर," ती शुभदाताईंना म्हणाली, "कशाबद्दल आहे हे गाणं?"

"मुलगा दूर गेल्यावर आई काय म्हणते, त्याबद्दल," शुभदाताई शांतपणे म्हणाल्या.

नोरीनने मान हलवली. तिने झग्यामागून ईफाला पुढे घेतलं, वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मीराकडे बोट दाखवलं. मीराने बाकावरून उतरून तिचा हात धरला आणि दोघी डफ बघायला गेल्या.

कौस्तुभ उठला. माणसांनी खच्चून भरलेल्या त्या बाजूने निघायला त्याला सगळ्यांना उठवावं लागलं. तो टेबलाला वळसा घालून आमच्या बाकापाशी येऊन उभा राहिला. मग मराठीत, सांगलीकडच्या हेलात, वर्षानुवर्षं न वापरलेल्या आवाजात म्हणाला, "मामा, जरा सरकता का? मला आईजवळ बसायचंय."

मी सरकलो. अश्विनीही सरकली. बाक मुळात तिघांचा, त्यात तो एवढा आडवा माणूस. मी पार कडेला गेलो, अर्धा हवेत. तो मध्ये बसला आणि काही न विचारता त्याने आईच्या ताटातला एक भाजलेला बटाटा उचलून तोंडात टाकला. शुभदाताईंनी ताट त्याच्याकडे सरकवलं. त्याच्याकडे न बघता, समोर बघत.

खरं तर पलीकडे आता त्याची खुर्ची रिकामी होती. नोरीनने मला खूणही केली, की इकडे ये, ऐसपैस बस. मी गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि तसाच बसून राहिलो.